आजोळचा देव

याझिलिकाया या हित्तींच्या खडकातल्या देवस्थानाच्या लहान दालनात शिरायची वाट इतकी अरुंद आहे, की आतून कोणी येत असेल तर बाहेरच्याने थांबून त्याला वाट द्यायची. तोंडाशी दोन्ही अंगांना सिंहमुखी, पंखधारी रक्षक कोरले आहेत. हात उगारून ते येणाऱ्याला दटावतात. त्यांना ओलांडून आत गेलं की उजव्या भिंतीवर बारा देव एका ओळीत, खांद्यावर वाकडी तलवार टेकवून, एकाच लयीत पावलं टाकत निघालेले दिसतात. समोरच्या भिंतीवर एक प्रचंड तलवार टोकाकडून जमिनीत रुतली आहे. तिची मूठ सिंहांची, आणि मुठीच्या वर टोपी घातलेलं देवाचं डोकं. ती पाताळाची देवता. तिच्याकडे पाहून छातीत थोडं धस्स होतं, आणि त्याच भिंतीवर, तिला अगदी लागून, एक देव एका माणसाला जवळ घेऊन उभा आहे.

देव उंच आहे. डोक्यावर निमुळती टोपी, तिच्यावर देवत्वाची शिंगं, गुडघ्यापर्यंतचा आखूड अंगरखा, टोकं वर वळलेले जोडे. त्याचा डावा हात माणसाच्या मानेमागून पुढे खांद्यावर आला आहे आणि त्याच हाताने त्याने माणसाचं उजवं मनगट धरलं आहे. माणूस त्याच्या काखेत मावेल एवढाच. गोल टोपी, पायघोळ वस्त्र, हातात टोकाशी वळलेली राजकाठी, कमरेला तलवार. वर कोरलेली नाममुद्रा सांगते की हा चौथा तुधलिया, इसवी सनापूर्वी सुमारे १२३७ ते १२०९ या काळात हित्ती साम्राज्यावर राज्य केलेला सम्राट. देवाच्या नावाच्या जागी चालत्या माणसाच्या पायांची जोडी कोरली आहे. ते शर्रुमाचं चिन्ह.

हे दालन कित्येक शतकं मातीने भरलेलं होतं, म्हणून दगडावरच्या रेषा अजून ताज्या आहेत. मनगटावरची बोटं मोजता येतात. तुर्कस्तानात मी आले ती मुख्यतः हे शिल्प पाहायला. छायाचित्रांतून ते कितीदा तरी पाहिलं होतं, पण छायाचित्रात एक गोष्ट कळत नाही: दालन इतकं चिंचोळं आहे की या दोघांकडे लांबून पाहताच येत नाही. त्यांच्यापुढे उभं राहायचं म्हणजे जवळच उभं राहावं लागतं.

हित्ती लोक आपल्या देशाला हत्ती आणि त्यातल्या दैवतांना ‘हत्तीचे हजार देव’ म्हणत, आणि हा आकडा फारसा फुगवलेला नव्हता. जिंकलेल्या, जोडलेल्या, लग्नसंबंधात आलेल्या प्रत्येक प्रदेशाचे देव त्यांनी आपल्या यादीत घेतले. सगळ्यांच्या वर वादळाचा देव आणि अरिन्नाची सूर्यदेवी. शर्रुमा त्या यादीत पुष्कळ खाली येतो. स्वतःची मोठी पुराणकथा त्याला नाही. तेलिपिनू नावाचा देव रुसून निघून गेला आणि जगातलं पीकपाणी आटलं, तशी गोष्ट शर्रुमाच्या वाट्याला आलेली नाही. मग साम्राज्याच्या धन्याला कवेत घ्यायला वादळाचा देव का नाही आला? तुधलियाचा चुलता मुवतल्ली याच्या मुद्रेवर तो आलेला आहे. मिसरचा फॅरो रामसेस दुसरा आणि तुधलियाचे वडील हत्तुशिली यांच्यात इ. स. पू. १२५९मध्ये तह झाला, त्या तहाच्या चांदीच्या पाटीवरही वादळदेव राजाला कवेत घेताना दाखवला होता. कर्नाकच्या देवळातल्या मिसरी मजकुरात त्या मुद्रेचं वर्णन आहे. म्हणजे घराण्यात चाल ठरलेली होती. तुधलियाने ती चाल ठेवली, देव बदलला.

का बदलला, याचं उत्तर शेजारच्या मोठ्या दालनात मिळतं, असं मला वाटतं.

ते दालन म्हणजे वर उघडं आकाश आणि तिन्ही बाजूंना खडक. खडकांवर साठाहून अधिक देवदेवता. डावीकडून पुरुषदेवांची रांग येते, उजवीकडून देवींची, आणि मधल्या भिंतीवर दोन्ही रांगा भेटतात. शार्ल तेक्सिए हा फ्रेंच प्रवासी १८३४मध्ये इथे पोहोचला, तेव्हा हित्ती नावाचं साम्राज्य होतं हेच जग विसरून गेलं होतं. त्याने या मिरवणुकीत ग्रीक कथांतल्या लढवय्या ॲमेझॉन स्त्रिया पाहिल्या. आज चित्रलिपी वाचता येते, त्यामुळे नावं कळतात, आणि ती नावं हित्ती नाहीत, हुर्रियन या दुसऱ्या लोकांच्या भाषेतली आहेत. मध्यभागी वादळदेव तेशुब दोन वाकलेल्या पर्वतदेवांच्या माना पायाखाली घेऊन उभा आहे. समोरून त्याची पत्नी हेपात चित्त्याच्या जातीच्या एका श्वापदावर उभी राहून येते आहे. दोघांच्या मागून वासरं डोकावतात. त्यांतल्या एकाला लेखात ‘तेशुबाचं वासरू’ म्हटलं आहे, आणि ते वासरू म्हणजेच शर्रुमा. स्वतः शर्रुमा हेपातच्या लगेच मागे, तसल्याच पण लहान श्वापदावर, एका हातात त्याचा दोर आणि दुसऱ्यात परशू घेऊन उभा. त्याच्या मागे पुन्हा देवी.

देवींच्या साऱ्या रांगेत हा एकटा पुरुष. तिथे उभी असताना एका वयस्क तुर्की गृहस्थांनी आपल्या नातवाला हाच देव बोटाने दाखवला आणि काहीतरी सांगितलं. मला त्यातला ‘आन्ने’ एवढाच शब्द कळला, आई. तेवढा पुरला.

शिल्पकाराने त्याला चुकून तिकडे टाकलेलं नाही. हुर्रियन पूजाविधीत नैवेद्याच्या ठरलेल्या याद्या असत, एक तेशुबाच्या परिवाराची, एक हेपातच्या परिवाराची. कोणाला किती भाकरी, कोणामागून कोणाचं नाव, हे त्यात पक्कं. याझिलिकायाच्या रांगा बऱ्याचशा त्याच क्रमाने कोरल्या आहेत. शर्रुमा आईच्या यादीत येतो, आणि पुष्कळदा ‘हेपात-शर्रुमा’ अशा जोडनावाने येतो. दोघांना मिळून एकच भाकरी मोडायची, एकच अर्घ्य द्यायचं. बाप देवांचा राजा असला तरी मुलाचं पान आईच्या पंगतीला.

आता या आईमागची माणसातली आई, म्हणजे तुधलियाची. तिचं नाव पुदुहेपा. नावातच हेपात आहे. दक्षिणेकडच्या किझ्झुवत्ना प्रदेशातली, लावाझान्तिया नगरातल्या इश्तरच्या पुजाऱ्याची, पेन्तिपशर्रीची मुलगी. इ. स. पू. १२७४च्या कादेशच्या लढाईवरून परतताना हत्तुशिलीने तिच्याशी लग्न केलं. तेव्हा तो राजा नव्हता, राजाचा भाऊ होता. देवीच्या आज्ञेने हे लग्न झालं आणि देवीने आम्हा दोघांना पतिपत्नीचं प्रेम दिलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे तो गादीवर आला आणि ही पुजाऱ्याची मुलगी साम्राज्याची महाराणी झाली. स्वतःच्या मुद्रेने कारभार केला, रामसेसशी बरोबरीने पत्रव्यवहार केला, आणि नवऱ्यामागे मुलाच्या कारकिर्दीतही तिचा शब्द चालत राहिला. प्राचीन जगातल्या स्त्रियांत मला तिच्याइतकी आपली वाटणारी दुसरी सापडलेली नाही.

हुर्रियन देव तिच्यामुळेच पहिल्यांदा हित्तींच्या राजधानीत, हत्तुशात, आले असं मात्र नव्हे. त्यांची ये-जा आधीपासून होती; हालेबचा एक हित्ती राजा तल्मी-शर्रुमा तिच्या आधीच्या काळातला आहे. पुदुहेपाने केलं ते वेगळं. तिने माहेरच्या देवांना सासरच्या देवघरात नातं मिळवून दिलं. अरिन्नाच्या सूर्यदेवीला उद्देशून केलेली तिची एक प्रार्थना मातीच्या पाटीवर आजही वाचता येते. हत्तीच्या देशात तू अरिन्नाची सूर्यदेवी म्हणवतेस, पण देवदारांच्या देशात तू हेपात आहेस, असं ती देवीला सांगते. एवढ्या एका वाक्याने दोन प्रदेशांच्या दोन आया एक झाल्या. साहजिकच त्यांचे मुलगेही. मूळचा कुठल्यातरी दक्षिणी डोंगराचा देव असलेला शर्रुमा तेशुब आणि हेपातच्या घरात मुलगा म्हणून आधीच सामावला होता. आता तो साम्राज्याच्या थोरल्या दैवतांचा मुलगा झाला. महाराणीने मुख्य लेखनिक वाल्वाझिती याला हत्तुशातल्या किझ्झुवत्नाच्या पाट्या शोधायला लावल्या, आणि हिशुवा नावाच्या अनेक दिवस चालणाऱ्या उत्सवाचे विधी त्यावरून नव्याने उतरवून घेतले. पाटीच्या शेवटी लेखनिकाने ही हकिगत नोंदवून ठेवली आहे. माहेरचा कुळाचार विसरला जाऊ नये म्हणून धडपडणारी बाई त्या चार ओळींत स्पष्ट दिसते.

तर तुधलियाला शर्रुमा मिळाला तो आजोळाकडून.

पण त्याच प्रार्थनेत याहून मोलाचं एक आहे. पुदुहेपाचा नवरा प्रकृतीने नाजूक, लहानपणापासून आजारी. त्याच्या आयुष्यासाठी ती मागणं मागते आहे. सूर्यदेवीकडे मागून झाल्यावर ती तिथे थांबत नाही. देवीच्या घरातल्या लहान लहान देवतांकडे वळते, एकेकीला नावाने हाक मारते. लेल्वानी या देवीला ती चांदीची मूर्ती कबूल करते, हत्तुशिलीएवढ्या उंचीची, डोकं, हात आणि पाय सोन्याचे. सूर्यदेवीची मुलगी मेझ्झुल्ला, नात झिन्तुही, यांनाही ती साकडं घालते. झिप्पलान्दाचा वादळदेव हा मुलगा. त्याला सोन्याची ढाल. आणि प्रत्येकाला विनंती एकच: तू आपल्या आईवडिलांकडे माझा शब्द टाक. तू त्यांचा लाडका आहेस, तुझं म्हणणं ते परतवणार नाहीत.

हित्ती धर्मात लहान देवाचं काम काय, ते मला या पाटीने समजावलं. मोठा देव दूर असतो, त्याच्यामागे वादळं, लढाया, साम्राज्यं लागलेली. लहान देव त्याच्या घरातला असतो. माणसाचं ऐकायला त्याला सवड असते आणि थोरल्यांपाशी जायला त्याला मोकळीक असते. मुवतल्लीची एक प्रार्थना आहे, तिच्यात तो सर्व देवांना बोलावण्याआधी वादळदेवाच्या शेरी नावाच्या बैलाला साकडं घालतो: माझं म्हणणं देवांपर्यंत पोहोचव. आपण शंकराच्या देवळात नंदीच्या कानाशी लागून मनातलं सांगतो, अगदी तसं. आणि हे करणारा कोणी साधा शेतकरी नव्हता. मिसरच्या फॅरोशी कादेशला झुंजलेला सम्राट होता.

दुसऱ्या दिवशी हत्तुशा पाहिलं. पाहिलं म्हणजे चालले. शहराची तटबंदी सहा किलोमीटरांहून लांब आहे आणि सगळी चढणीवर. बोआझकाले हे आजचं गाव पायथ्याशी, अंकाराहून बसने सुंगुर्लू आणि तिथून टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासावर. मे महिना होता. गव्हाच्या हिरव्या शेतांत रानखसखशीची लाल फुलं, ओढ्याकाठी पॉपलरची उंच झाडं, आणि वर दगडांच्या पायांशिवाय काही नाही. भिंती कच्च्या विटांच्या होत्या, त्या इ. स. पू. ११८०च्या सुमारास शहर उजाड झाल्यावर विरघळून गेल्या. सिंहद्वारातले सिंह तेवढे जागा धरून आहेत, आणि तटाखालून जाणारा सत्तर मीटरांचा दगडी बोगदा.

इथे येणारे आपल्याकडचे लोक बहुधा एका पाटीसाठी येतात. सम्राट पहिला सुप्पिलुलियुमा आणि मितान्नीचा राजपुत्र शत्तिवाझ यांच्या तहात साक्षीला बोलावलेल्या देवांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही नावं आहेत, आणि ती पाटी याच मातीतून निघाली. ते वाचताना अंगावर काटा येतो हे खरं. पण त्या चार नावांवर थांबून परत फिरणाऱ्यांना मी हात धरून याझिलिकायाला नेईन. आपले देव परक्या यादीत सापडल्याचा आनंद मोठा आहेच, पण ती यादी करणाऱ्यांचा देवांशी घरोबा कसा होता, हे पाहिलं नाही तर तो आनंद अर्धाच राहतो.

तो घरोबा मोठ्या मंदिराच्या कोठारांत दिसतो. देवाच्या गाभाऱ्याला वेढून कोठारांच्या रांगाच रांगा आहेत आणि जमिनीत अर्धे पुरलेले माणूसभर उंचीचे रांजण. देवाला रोज जेवण लागे. मंदिराच्या सेवकांसाठी घालून दिलेले नियम पाट्यांवर मिळाले आहेत आणि त्यांत उपदेशापेक्षा स्वयंपाकघर अधिक आहे. देवाची भाकरी करणाऱ्याने आंघोळ केलेली असावी, केस आणि नखं कापलेली असावीत, कपडे धुतलेले असावेत. कुत्रं किंवा डुक्कर भटारखान्याच्या दाराशी फिरकता कामा नये. रात्री पुजाऱ्याने देवळातच झोपायचं, घरी नाही. आणि देवापुढचं आपण खाल्लं तर तो काय बोलणार आहे, असं मनात आणणाऱ्याला कडक तंबी. माणसाचं मन आणि देवाचं मन काही निराळं नाही, असं त्या नियमांत म्हटलं आहे: चाकर धन्यापुढे अंग धुऊन उभा राहतो तेव्हाच धन्याला बरं वाटतं, देवाचंही तसंच.

उत्सवात राजा-राणी देवाला ‘पीत’. शब्दशः तसंच लिहिलेलं आहे. एकेका देवाचं नाव घेऊन प्याला उचलायचा, वीणावादकाने वाजवायचं, गायकाने गायचं, जाड भाकरी मोडायची, मग पुढचा देव. वसंतातला एक उत्सव अडतीस दिवस चाले आणि त्यात राजा गावोगाव फिरे. शंभर कामं टाकून. लढाई चालू असली तरी उत्सवाला परतायचं, अशी चाल होती.

इथे मला तुधलियाचं सगळ्यात मोठं काम सांगायचं आहे, कारण इतिहासाच्या पुस्तकांत त्याची ओळख एक हरलेला सम्राट अशी होते. अश्शूरी सैन्याने निह्रियाला त्याचा पराभव केला, ते खरं. दक्षिणेत त्याचा चुलतभाऊ कुरुन्ता वेगळं राज्य धरून बसला होता; त्याच्याशी केलेल्या तहाचा कांस्यपट १९८६मध्ये इथल्याच तटाजवळ सापडला. धान्याची टंचाई होती आणि बाहेरून गलबतांनी धान्य आणावं लागत होतं. अशा दिवसांत या राजाने आपल्या मुलखातल्या खेड्यापाड्यांतल्या देवळांची मोजदाद करवली. अधिकारी गावोगाव गेले आणि लिहीत गेले: या गावात कोणते देव, मूर्ती कशाची, केवढी, की नुसता उभा दगड, पुजारी आहे की नाही, वर्षाला किती भाकरी, किती मद्य, किती मेंढ्या, आणि त्या कोण पुरवतो.

या नोंदी वाचाव्यात. त्यांत साम्राज्य कुठेच नाही, नुसती गावं आहेत. शरदात रांजणात धान्य भरायचं. वसंतात पहिला गडगडाट झाला की रांजण उघडायचा, धान्य दळायचं, भाकऱ्या करायच्या. मग देवाला देवळातून उचलून गावाबाहेरच्या उभ्या दगडाशी न्यायचं, हुवाशी म्हणत त्या दगडाला. हझगारा नावाच्या स्त्रिया बरोबर चालायच्या. दगडाशी मेंढी कापायची, भाकरी मोडायची, सगळ्यांनी खायचं, प्यायचं. मग देवाच्या करमणुकीसाठी पोरांनी कुस्त्या खेळायच्या, जड दगड फेकायचे. एका गावी तरुणांच्या दोन फळ्या करत. एक ‘हत्तीचे लोक’, त्यांच्या हाती कांस्याची शस्त्रं. दुसरे ‘मासाचे लोक’, म्हणजे मासा नावाच्या देशाचे, त्यांच्या हाती बोरूची. लढाई कोण जिंकणार हे ठरलेलंच असे. संध्याकाळी देव परत देवळात. कितीतरी ठिकाणी नोंद अशी: पूर्वी इथे नुसता दगड होता, आता महाराजांनी चांदीची मूर्ती करून दिली. कुठे मूठभर उंचीचा लोखंडी बैल.

ज्याच्या राज्याला तडे जात आहेत तो राजा डोंगरकपारीतल्या कुठल्याशा झऱ्याच्या देवीला वर्षाला किती मेंढ्या पोचतात हे विचारतो आहे. काही इतिहासकारांनी यात त्याची हतबलता पाहिली आहे. मला ते पटत नाही. आईने त्याला शिकवलं होतं की थोरल्या देवांपाशी शब्द टाकणारे धाकटेच असतात. मग त्या धाकट्यांपैकी एकही उपाशी राहता कामा नये, हे त्याला राज्यकर्तव्य वाटलं तर नवल काय?

लहान दालनाबद्दल एक मत असं आहे, आणि मला ते मान्य आहे, की ते तुधलियाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने, दुसऱ्या सुप्पिलुलियुमाने, बापाच्या स्मृतीसाठी सिद्ध केलं. दालनाच्या टोकाला एका मोठ्या पुतळ्याचा चौथरा आहे. भिंतींत कोनाडे आहेत, ते कदाचित राजघराण्यातल्यांच्या अस्थींसाठी असावेत. तसं असेल तर शेजारची ती जमिनीत शिरणारी तलवार आणि शर्रुमाचा खांद्यावरचा हात यांचा अर्थ एकच लागतो. राजा मेला आहे. त्याला अनोळखी वाटेने जायचं आहे आणि आजोळचा देव त्याचं मनगट धरून त्याला नेतो आहे.

हत्तुशाहून बहुतेक प्रवासी कप्पादोकियाला वळतात. मी कायसेरीवरून दक्षिणेला गेले, पुदुहेपा ज्या दिशेने आली त्या दिशेला. कायसेरीवर एर्जियेसचा ३,९१७ मीटरांचा बर्फाचा डोंगर, शहरातून कुठूनही दिसणारा. देवेली ओलांडलं की रस्ता लहान होत जातो. फ्राक्तिनला ओढ्याकाठच्या खडकावर हत्तुशिली आणि पुदुहेपा दोघंही अर्घ्य देताना कोरलेले आहेत: तो वादळदेवाला, ती हेपातला. बाजूच्या लेखात तिची ओळख किझ्झुवत्नाची कन्या अशी आहे. लेकीसुनांची नावं नवऱ्याच्या आडून सांगणाऱ्या जगात एका महाराणीने दगडावर माहेरचं नाव लावून घेतलं, हे पाहून मी तिथे बराच वेळ बसले. शिल्प आता झिजलं आहे. तिचा चेहरा जवळजवळ गेला आहे, ओतणारा हात शाबूत.

त्यापुढे गेझबेलची खिंड. जुन्या काळी हत्तीच्या पठारावरून किझ्झुवत्नाला उतरायची वाट हीच, आणि तिच्या दुतर्फा हित्तींनी खडक कोरून ठेवले आहेत. खिंड उतरताना हान्येरीला रस्त्यापासून थोडं वर एक शिल्प आहे. उजवीकडे धनुष्य आणि भाला घेतलेला राजपुत्र, नाव कुवालानामुवा. डावीकडे बैल. पुढचे पाय एका वेदीसारख्या चौथऱ्यावर, मागचे पाय एका पर्वतदेवाच्या खांद्यांवर. बैलाजवळचा लेख सांगतो, हा शर्रुमा, पर्वतांचा राजा.

आधी माझा विश्वास बसेना. याझिलिकायात आईच्या पाठीशी उभं असलेलं ते वासरू इथे ऐन डोंगरात पुरतं वाढलेला बैल होऊन उभं आहे, आणि डोंगर त्याला खांद्यावर घेत आहेत. तिकडे त्याचा बाप पर्वतदेवांच्या मानेवर उभा होता, इथे मुलगा. बाप नाही, आई नाही, कोणाच्या यादीत कितवा हा प्रश्न नाही. आपल्या मुलखात तो लहान देव कधी नव्हताच. राजधानीत त्याने धाकटेपण घेतलं, कारण त्या घरात रिकामी जागा मुलाची होती. माझ्याबरोबरचा गाडीवाला याच भागातला, तरुण. त्याने सांगितलं की लहानपणी शाळेच्या सहलीला इथे आणायचे आणि पोरं बैलाच्या पोटाला हात लावता येतो का ते पाहायची. मी त्याला शर्रुमाचं नाव सांगितलं. ते त्याने दोनतीनदा म्हणून पाहिलं आणि मग मला डोंगरांची नावं सांगत राहिला.

परतीच्या वाटेवर नेव्हशेहिरजवळ तोपादाचा शिलालेख पाहिला. हत्तुशा उजाड झाल्यावर सुमारे साडेचारशे वर्षांनंतरचा, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. तोवर हित्ती सम्राट, त्यांचे लेखनिक, मातीच्या पाट्यांवरची लिपी, सगळं संपलं होतं. चित्रलिपी मात्र उरली होती, आणि या भागात ताबालचे राजे स्वतःला ‘महाराजे’ म्हणवत होते. आठ ओळींत एका राजाने आपल्या युद्धाची हकिगत लिहिली आहे आणि यश देणाऱ्या देवांत वादळदेवाच्या पाठोपाठ शर्रुमाचं नाव घेतलं आहे. राजाचं स्वतःचं नाव वासुसर्मा. सर्मा म्हणजे शर्रुमाच. अश्शूरच्या तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरने पुढे इ. स. पू. ७३०च्या सुमारास त्याला गादीवरून काढलं आणि हुल्ली नावाच्या माणसाला बसवलं. अश्शूरी नोंदीत त्या हुल्लीचं वर्णन ‘कोणाचाही मुलगा नसलेला’ असं आहे.

वासुसर्मा गेला तरी ते नाव गेलं नाही. दक्षिणेच्या किनाऱ्यावर, पुदुहेपाच्या माहेराला पुढे किलिकिया म्हणू लागले तिथे, ग्रीक शिलालेखांत ‘त्रोकोझार्मास’ अशी माणसांची नावं मिळतात. पहिला भाग तार्हुन्त, म्हणजे बाप, वादळाचा देव. दुसरा शर्रुमा. झ्यूस आणि अपोलोची देवळं उभी असलेल्या गावांत कोणीतरी आईबाप अजून आपल्या पोराला या दोघांचं मिळून नाव ठेवत होते.